सूर्य चौथ्या दिवशी का? बायबलमधली उत्पत्तिकथा आणि विज्ञानाची जुळवाजुळव

बायबलची सुरुवात 'उत्पत्ती' या ग्रंथाने होते आणि त्याच्या पहिल्याच अध्यायात नीट वाचणाऱ्या कोणालाही खटकेल अशी एक गोष्ट आहे. पहिल्या दिवशी देव 'प्रकाश होवो' म्हणतो आणि प्रकाश होतो. संध्याकाळ होते, सकाळ होते. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी आणि खालचं पाणी वेगळं करणारा आकाशाचा घुमट तयार होतो. तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन, गवत आणि फळझाडं. सूर्य मात्र चंद्र-ताऱ्यांसकट येतो तो थेट चौथ्या दिवशी. पाचव्या दिवशी मासे आणि पक्षी, सहाव्या दिवशी जमिनीवरचे प्राणी आणि सगळ्यात शेवटी माणूस. सातवा दिवस विश्रांतीचा.

सूर्यच नव्हता तर पहिले तीन दिवस मोजले कशावरून? हा प्रश्न आजच्या नास्तिकांनी उकरून काढलेला नाही. तिसऱ्या शतकातल्या ऑरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने तो स्वच्छ शब्दांत विचारला होता आणि हे दिवस शब्दशः घेण्यात अर्थ नाही असं सांगितलं होतं. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्टीनने याच अध्यायावर मोठा ग्रंथ लिहिला. देवाने सगळं एकदमच निर्माण केलं आणि सहा दिवसांची मांडणी आपल्याला समजावं म्हणून आहे, या मताकडे तो झुकला. विज्ञान आलं आणि तेव्हाच कथा अडचणीत आली, असं आपण समजतो ते खरं नाही. कथेवर श्रद्धा असलेले लोक पहिल्यापासून तिच्याशी झगडत होते. विज्ञानाने त्यांना नवी हत्यारं दिली, एवढंच.

बिग बँग, सापेक्षता, जनुकशास्त्र, अंतराळयानं, संगणक. गेल्या शंभरेक वर्षांत यातल्या प्रत्येकाने या कथेचा एकेक नवा अर्थ लावून पाहिला आहे. मला दिसतं ते आधीच सांगून टाकतो. हे अर्थ ज्याने लावले त्याच्या काळात कोणतं यंत्र सर्वांत थोर वाटत होतं, ते या अर्थांतून फार स्पष्ट कळतं. जगाच्या उत्पत्तीबद्दल त्यांतून कळतं ते फार थोडं. मात्र काही ठिकाणी कथेजवळून जाणारी वाट खरोखर प्रयोगशाळेत पोचली आहे, आणि मला सगळ्यात जास्त ओढ त्या जागांची आहे.

आधी उजेड, मग सूर्य

'सूर्याआधी प्रकाश' हे आजच्या विश्वविज्ञानाला अजिबात मान्य नाही, असं वाटेल. पण ते अगदी मान्य आहे. विश्वाचं वय सुमारे १३.८ अब्ज वर्षं आहे. सुरुवातीची ३ लाख ८० हजार वर्षं ते इतकं तप्त होतं की अणू टिकतच नव्हते. मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाला अडवून इकडेतिकडे विखरून टाकत होते. तापमान ३००० अंशांच्या आसपास उतरलं, इलेक्ट्रॉन अणूंत अडकले आणि प्रकाशाची वाट मोकळी झाली. हा प्रकाश आजही चहूबाजूंनी आपल्यापर्यंत येतो. विश्वाच्या प्रसरणामुळे त्याच्या लहरी ताणल्या गेल्या आहेत, म्हणून तो डोळ्यांना न दिसता सूक्ष्मलहरींच्या रूपात सापडतो. अमेरिकेतल्या न्यू जर्सीमध्ये अर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना एका मोठ्या अँटेनावर हटता न हटणारी खरखर ऐकू आली. ती याच प्रकाशाची होती हे १९६५ मध्ये जाहीर झालं. आपला सूर्य जन्मला तो ४.६ अब्ज वर्षांपूर्वी, म्हणजे हा प्रकाश मोकळा झाल्यावर तब्बल ९ अब्ज वर्षांनी.

बिग बँगच्या कल्पनेचा पाया घालणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियन भौतिकशास्त्रज्ञ कॅथलिक धर्मगुरू होता. १९२७ मध्ये त्याने प्रसरण पावणाऱ्या विश्वाचं गणित मांडलं आणि १९३१ मध्ये सगळं विश्व एका आद्य अणूतून सुरू झालं असावं असं सुचवलं. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी एका भाषणात या नव्या विज्ञानाचा संबंध 'प्रकाश होवो' या आज्ञेशी जोडला. लमेत्र खूश झाला असेल असं वाटतं, पण तो अस्वस्थ झाला. आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नांच्या पूर्ण बाहेरचा आहे, ही भूमिका त्याने पुढेही सोडली नाही. आयुष्यभर रोज प्रार्थना करणाऱ्या माणसाने ही रेघ ओढली, याचं मला फार मोल वाटतं. वैज्ञानिक सिद्धांत बदलण्यासाठीच असतात. धर्मवाक्य त्यांना बांधलं की तेही त्यांच्याबरोबर हेलकावे खाणार.

आणि जुळणी पुढे टिकतही नाही. कथेत पृथ्वी आणि पाणी सूर्याच्या आधीचे आहेत. प्रत्यक्षात पृथ्वी तयार झाली ती तरुण सूर्याभोवती फिरणाऱ्या धूळ-वायूच्या चकतीतून, ४.५ अब्ज वर्षांपूर्वी. कथेत फळझाडं माशांच्या आधी येतात. जीवाश्मांत मासे सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत आणि फुलं-फळं धरणाऱ्या वनस्पती साधारण १३ कोटी वर्षांपूर्वीच्या. कथेत पक्षी जमिनीवरच्या प्राण्यांच्या आधी आहेत. प्रत्यक्षात पक्षी जमिनीवरच्या डायनोसॉरांमधूनच सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी निघाले. समुद्रातल्या अजस्र देवमाशांचे पूर्वजही चार पायांचे, जमिनीवर चालणारे सस्तन प्राणी होते.

यावर नेहमीचं उत्तर असं की सूर्य आधीच होता, दाट ढग विरळ झाल्यावर चौथ्या दिवशी तो नुसता दिसू लागला. पण कथेत तर देव त्या ज्योती त्या दिवशी घडवतो आणि आकाशात बसवतो. अशी जुळणी समोर आली की ती बसवण्यासाठी मूळ कथेतलं काय हलवावं लागलं, ते मी आधी पाहतो. इथे फारच हलवावं लागतं.

एक गमतीदार वळण सांगायलाच हवं. पृथ्वीवरच्या पाण्याचा बराचसा भाग सूर्यापेक्षा जुना असावा, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातून पुढे आलं. सूर्य ज्या थंड ढगातून जन्मला त्यातल्या धुलिकणांवर तो बर्फाच्या रूपात आधीच होता. उत्साही अर्थकार इथे 'पाहा, पाणी सूर्याआधीच!' म्हणून उडी मारेल. पण धुलिकणांवरचा बर्फ आणि कथेतला खोल, अंधारा सागर यांत फार अंतर आहे.

दिवस ताणून पाहिला तर?

सहा दिवस आणि अब्जावधी वर्षं यांचा मेळ घालण्याचे प्रयत्न जुने आहेत. १६५० मध्ये आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलमधल्या वंशावळी मोजून जगाची सुरुवात ख्रिस्तपूर्व ४००४ मध्ये ठरवली. पुढच्या शतकात फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ याने लोखंडाचे तप्त गोळे थंड व्हायला किती वेळ लागतो ते मोजलं. त्यावरून त्याने पृथ्वीचं वय सुमारे ७५ हजार वर्षं काढलं आणि १७७८ मध्ये तिचा इतिहास सात युगांत मांडला. सात हा आकडा योगायोगाने आलेला नाही. प्रत्येक दिवस म्हणजे एक दीर्घ युग, हे वाचन पुढे एकोणिसाव्या शतकात भूगर्भशास्त्रज्ञांतही चांगलंच रुळलं.

या परंपरेतला सर्वांत चतुर प्रयत्न जेराल्ड श्रोडर या भौतिकशास्त्रज्ञाचा. त्याचं हत्यार आइन्स्टाइनची सापेक्षता. वेळ सगळीकडे सारखी धावत नाही, हे प्रयोगांनी सिद्ध झालेलं आहे. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ती दुरुस्ती केली नाही तर नकाशावरची आपली जागा चुकते. श्रोडर म्हणतो, उत्पत्तीचे दिवस आरंभीच्या विश्वाच्या घड्याळाने मोजा. प्रोटॉन-न्यूट्रॉन तयार झाले त्या क्षणापासून आजवर विश्व सुमारे एक लाख कोटी पट ताणलं गेलं आहे. १५.७५ अब्ज वर्षांना एक लाख कोटीने भागलं की पावणेसहा दिवस येतात. जवळजवळ सहा!

गणित ऐकताना अंगावर शहारा येतो, हे कबूल करायला हवं. म्हणूनच ते स्वतः करून पाहावं. आज मोजलेलं वय १५.७५ नाही, १३.८ अब्ज आहे. ते घातलं की उत्तर पाच दिवस. मोजणी त्याच क्षणापासून का करायची? प्रकाश मोकळा झाला तो क्षण घेतला तर प्रसरण ११०० पट भरतं आणि 'सहा दिवसां'च्या जागी सव्वा कोटी वर्षं येतात. खरं तर 'प्रकाश होवो'शी या क्षणाचं नातं जास्त जवळचं. शिवाय लहरी ताणल्या जाण्याचं हे प्रमाण आपल्याला इतकंच सांगतं की तिथल्या घटना आज इथून पाहिल्या तर किती संथ दिसतील. आरंभापासून आजपर्यंत वेगळ्या गतीने चालत आलेलं दुसरं घड्याळ असा त्याचा अर्थ होत नाही. प्रसरणाबरोबर वाहत आलेल्या कोणत्याही घड्याळात १३.८ अब्ज वर्षंच झालेली असणार. सहा हे उत्तर आधी ठरलं आणि भाजक नंतर निवडला गेला.

मग सूर्य चौथ्या दिवशी का? मला पटणारं उत्तर भौतिकशास्त्राऐवजी कथेच्या बांधणीतून मिळतं. पहिले तीन दिवस जागा तयार होतात आणि पुढचे तीन दिवस त्याच क्रमाने त्या जागा भरल्या जातात. पहिल्या दिवशी उजेड आणि अंधार, चौथ्या दिवशी त्यांवर राज्य करणारे सूर्य, चंद्र आणि तारे. दुसऱ्या दिवशी आकाश आणि पाणी, पाचव्या दिवशी पक्षी आणि मासे. तिसऱ्या दिवशी जमीन आणि वनस्पती, सहाव्या दिवशी जमिनीवरचे प्राणी, माणूस आणि त्यांना खायला नेमून दिलेल्या त्याच वनस्पती. हा आराखडा दिसला की काहीच हलवावं लागत नाही. सूर्य चौथा येतो कारण त्याची जोडी पहिल्याशी आहे.

सूर्याला इतकं खाली बसवण्यामागे हेतूही दिसतो. ब्रिटिश म्युझियममधल्या जॉर्ज स्मिथने १८७६ मध्ये निनवे इथल्या मातीच्या पाट्यांवरच्या बॅबिलोनी उत्पत्तिकथा प्रसिद्ध केल्या आणि युरोप हादरला. तिथेही आदिजल होतं आणि त्याची दोन भागांत विभागणी होती. पण तिथे ती देवांच्या युद्धातून होते. एक देव सागररूप देवीला मारून तिच्या देहाचं आकाश आणि पृथ्वी करतो. बऱ्याच अभ्यासकांच्या मते उत्पत्तीचा पहिला अध्याय आजच्या रूपात आला तो ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या सुमारास, यहुदी लोक बॅबिलोनमध्ये निर्वासित होते त्या काळात. भोवती सूर्य-चंद्राची मंदिरं, आणि ही कथा त्यांना दिवस-ऋतू मोजण्यासाठी टांगलेल्या ज्योती म्हणते! डोक्यावर घन घुमट आणि त्याच्यावर पाणी, हे त्या काळातलं विश्वाचं प्रचलित चित्र. कथाकाराने तेच घेतलं आणि त्यातून स्वतःचं सांगणं सांगितलं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाकडून यापेक्षा वेगळ्या विश्वचित्राची अपेक्षा का करायची?

माती, फासळी आणि प्रयोगशाळा

दुसऱ्या अध्यायात वेगळीच कथा आहे. तिथे देव मातीपासून माणूस घडवतो, त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो, पुढे त्याला गाढ झोपवून त्याच्या फासळीपासून स्त्री घडवतो. तंत्रज्ञानाच्या नजरेने वाचणाऱ्यांना ही कथा पहिल्यापेक्षाही जास्त खुणावते.

आधी माती. मातीत भरपूर असलेले सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम आपल्या शरीरात नगण्य आहेत. आपल्या वजनाचा सुमारे ९६ टक्के भाग ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन यांचा. म्हणजे कच्चा माल म्हणून चिखल चालत नाही. पण कारखाना म्हणून? १९६६ मध्ये स्कॉटलंडचे रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम केर्न्स-स्मिथ यांनी विलक्षण कल्पना मांडली. चिकणमातीचे स्फटिक वाढताना आपल्यातले दोष पुढच्या थरात उतरवतात. ही एक प्रकारची आनुवंशिकताच, आणि जीवसृष्टीची पहिली 'जनुकं' अशी मातीची असावीत. ही कल्पना जशीच्या तशी सिद्ध झालेली नाही. तिच्या शेजारी मात्र ठोस काही सापडलं. जेम्स फेरिस यांच्या गटाने १९९० च्या दशकात दाखवलं की माँटमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीवर आरएनए या जनुकीय माहिती वाहणाऱ्या रेणूचे सुटे घटक एकमेकांना जोडून लांब साखळ्या बनवतात. २००३ मध्ये जॅक शोस्टाक यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की हीच माती मेदाम्लांच्या सूक्ष्म पिशव्या, म्हणजे पेशीच्या आवरणाची प्राथमिक रूपं, वेगाने बनवते आणि आरएनएला त्यांच्या आत नेते. कथा खरी ठरली असा याचा अर्थ नाही. जीवन खोल समुद्रातल्या उष्ण झऱ्यांपाशी सुरू झालं असंही अनेक शास्त्रज्ञ मानतात. पण इथे प्रश्न परीक्षानळीत गेला, उत्तर 'नाही' येण्याची शक्यता होती, तरी 'काही अंशी हो' असं आलं.

फासळीचं प्रकरण याहून बोलकं आहे. १८४७ मध्ये एडिनबरोच्या जेम्स सिम्प्सन या डॉक्टरने प्रसूतीत क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली. वेदना ही देवाची शिक्षा आहे, ती टाळू नये, असा आक्षेप कोणी घेईल म्हणून त्याने पुस्तिका लिहिली आणि हाच उतारा पुढे केला. देवाने फासळी काढण्याआधी आदामाला गाढ झोपवलं होतं की! आज हाच उतारा क्लोनिंगचा दाखला म्हणून फिरतो. फासळीत मूळपेशींनी भरलेला मगज असतो. भोवतालचं आवरण शाबूत ठेवलं तर काढलेली फासळी पुन्हा वाढू शकते. १९९६ मध्ये डॉली मेंढी एका प्रौढ मेंढीच्या पेशीतून जन्मली. अडचण एवढीच की पुरुषाच्या पेशीचा क्लोन पुरुषच होणार. त्यावरही वाट निघाली आहे. २०२३ मध्ये जपानच्या कात्सुहिको हायाशी यांच्या गटाने नर उंदराच्या पेशींतलं वाय गुणसूत्र गळालेल्या पेशी निवडल्या, त्यांत एक्स गुणसूत्र दुप्पट करवलं आणि त्यांच्यापासून स्त्रीबीजं बनवली. त्यांतून झालेल्या ६३० भ्रूणांपैकी ७ पिल्लं जन्मली.

पण क्रम कोणता आहे ते पाहा. सिम्प्सनच्या हाती आधी क्लोरोफॉर्म आला, मग त्याला ओवी आठवली. डॉली आधी जन्मली, मग फासळीत क्लोनिंग दिसलं. ती ओवी शतकानुशतकं पाठ म्हणणाऱ्या एकाही माणसाला तिच्यातून गुणसूत्रांचा सुगावा लागला नाही.

परग्रहावरचे अभियंते

स्विस लेखक एरिक फॉन डॅनिकन यांचं 'देव म्हणजे अंतराळवीर' हे प्रतिपादन आलं १९६८ मध्ये, माणूस चंद्रावर उतरण्याच्या आदल्या वर्षी. लेखक झकेरिया सिचिन यांनी परग्रहवासीयांनी सोन्याच्या खाणींत राबण्यासाठी जनुकीय फेरफार करून माणूस बनवला असं मांडलं १९७६ मध्ये, म्हणजे डीएनए कापून जोडण्याचं तंत्र १९७३ मध्ये हाती आल्यानंतर तीनच वर्षांनी. उत्पत्तीतल्या 'आपण आपल्या प्रतिरूपाचा माणूस घडवू' या वाक्यातलं अनेकवचन हा त्यांचा मोठा आधार. माणूस देवांचे कष्ट हलके करायला बनवला गेला, हे मेसोपोटेमियाच्या, म्हणजे बॅबिलोन-निनवेच्या प्रदेशातल्या, कथांत खरोखर आहे. मातीत मारलेल्या देवाचं रक्त-मांस मिसळून तो घडवला जातो. मात्र सिचिन यांनी पाट्यांचं जे वाचन केलं ते त्या लिपीचे जाणकार मान्य करत नाहीत.

निर्णायक साक्ष आपल्या पेशींतच आहे. चिंपांझीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्यात २३. आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र दोन जुनी गुणसूत्रं टोकाला टोक जुळून झालेलं आहे आणि टोकांच्या खुणा त्याच्या मध्यात अजून सापडतात. शरीरात क जीवनसत्त्व बनवणारं जनुक आपल्यात निकामी आहे, आणि चिंपांझी-गोरिलांतही ते तसंच निकामी पडलेलं आहे. हा वारशाने आलेला मोडका भाग आहे. नव्याने आखणी करणारा अभियंता तो कशाला ठेवेल?

याच विचाराची एक प्रामाणिक आवृत्ती मात्र वाचण्यासारखी आहे. डीएनएची रचना उलगडणारे फ्रान्सिस क्रिक आणि रसायनशास्त्रज्ञ लेस्ली ऑर्गेल यांनी १९७३ मध्ये सुचवलं की कोण्या प्रगत संस्कृतीने यानातून सूक्ष्मजीव मुद्दाम पृथ्वीवर पाठवले असतील. सगळ्या सजीवांची जनुकीय लिपी जवळपास एकच का, यावर त्यांनी बोट ठेवलं. आणि शेवटी, हे शक्य आहे पण किती संभाव्य ते सांगण्याइतका पुरावा नाही, असंही त्यांनीच लिहिलं.

आज्ञा आणि संगणक

आपल्या काळाचं यंत्र संगणक, तेव्हा आजचं वाचन ठरलेलंच: देव बोलतो आणि ते होतं, म्हणजे आज्ञावली लिहिली आणि ती चालली. कल्पनेला गंभीर पूर्वज आहेत. १९४१ मध्ये झेड-३ हा संगणक बांधणाऱ्या जर्मनीच्या कोनराड त्सूझे याने १९६९ मध्ये विश्व हीच एक गणनक्रिया असावी असं मांडलं. २००३ मध्ये तत्त्वज्ञ निक बोस्ट्रॉम यांनी युक्तिवाद केला की तीनपैकी एक गोष्ट बहुधा खरी असणार. एकतर आपल्यासारख्या संस्कृती तेवढी ताकद येण्याआधीच संपतात, किंवा ताकद येऊनही पूर्वजांची आभासी जगं चालवण्यात त्यांना रस नसतो, नाहीतर आपण स्वतःच अशा आभासी जगात असण्याची शक्यता दांडगी आहे. यातलं तिसरंच खरं, असं त्यांनी म्हटलेलं नाही, पण बाहेर तेवढंच पसरलं.

१८५७ मध्ये फिलिप गॉस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने म्हटलं होतं की देवाने जग जुनं दिसेल असंच बनवलं. झाडांत कधी न घडलेल्या वर्षांची वलयं, खडकांत कधी न जगलेल्या प्राण्यांचे जीवाश्म. श्रद्धावंत आणि शास्त्रज्ञ दोघांनीही ते नाकारलं, कारण कोणताही पुरावा त्याच्या विरुद्ध जाऊच शकत नाही. आभासी विश्व कालच सुरू केलं, आठवणींसकट, असं म्हणणं हा त्याच विचाराचा नवा अवतार. २०१२ मध्ये सायलस बीन आणि सहकाऱ्यांनी निदान एक कसोटी सुचवली. अवकाश जर गणनेसाठी चौकटींच्या जाळ्यात विभागलेलं असेल, तर अत्युच्च ऊर्जेच्या वैश्विक किरणांना त्या जाळ्याच्या दिशा जाणवतील आणि ते सगळ्या बाजूंनी सारखे येणार नाहीत. अशी छाप अजून आढळलेली नाही.

समजा उद्या आढळली. तरी जाळं विणणारा कोणत्यातरी जगात, कोणत्यातरी काळात बसलेला असेल आणि त्या जगाचा आरंभ कसा झाला हा प्रश्न उभाच राहील. क्रिक आणि ऑर्गेल यांच्या यानवाल्यांबद्दलही हेच. उत्पत्तीचा देव या रांगेतला नाही. काळ जगाबरोबरच निर्माण झाला, त्याच्या 'आधी' काय हे विचारण्यात अर्थ नाही, हे ऑगस्टीनने सोळाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे, आणि सापेक्षतेतही काळ विश्वाच्या बाहेर नसतो. 'प्रारंभी' या पहिल्या शब्दाला बिग बँग म्हणणाऱ्यांना तर भौतिकशास्त्र अजून तेवढ्या मागे नेऊ शकत नाही. विश्वाच्या पहिल्या सुमारे १०⁻⁴³ सेकंदापर्यंत गेलं की गुरुत्वाकर्षण आणि पुंजभौतिकी (क्वांटम भौतिकी) यांची समीकरणं एकत्र चालेनाशी होतात, आणि त्यांना जोडणारा सिद्धांत अजून कोणाला मिळालेला नाही.